देवाची कृपा म्हणजे काय?

दिवेलागण झाली की आपल्या घराघरांतून पवित्र जपमाळेची प्रार्थना सुरू होते. आजी डोळे मिटून मणी ओढते, आईचे अर्धे लक्ष भाताच्या आधणाकडे असते, धाकटी मुले पेंगत पेंगत उत्तर देतात. एका जपमाळेत आपण पवित्र मरियेला ५३ वेळा वंदन करतो आणि प्रत्येक वेळी तिला ‘कृपापूर्ण’ म्हणतो. रोज जपमाळ होणाऱ्या घरात हा शब्द वर्षाकाठी १९,००० हून अधिक वेळा उच्चारला जातो. जो शब्द आपण इतक्यांदा बोलतो त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असावा, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे.

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, “कृपा म्हणजे काय?” आम्ही प्रश्नोत्तरीतील व्याख्या म्हणून दाखविली. व्याख्या बिनचूक होती. पण ती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. थोडा वेळ विचार करून त्याने पुन्हा विचारले, “म्हणजे चांगले वागल्याबद्दल देव देतो ते बक्षीस का?” तास संपल्याची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर तेव्हापासून आमच्याकडे देणे राहिले आहे. आज ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या बोलण्यातील कृपा

‘कृपा’ हा शब्द आपल्या भाषेला परका नाही. पाऊस वेळेवर आला, देवाची कृपा. मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, देवाची कृपा. वळणावर गाडी घसरली आणि सर्वजण सुखरूप राहिले, तेव्हाही तोंडून हाच शब्द निघतो. असे म्हणण्यात काही चूक नाही. आपल्याला लाभलेले प्रत्येक सुख देवाच्या हातून येते, ही भावना श्रद्धेचीच खूण आहे.

परंतु याच बोलण्याची दुसरी बाजू आपण ध्यानात घेत नाही. शेजाऱ्याची गाडी घसरली आणि त्याचा तरुण मुलगा गेला, तर त्याच्या घरावर देवाची कृपा नव्हती काय? ज्या वर्षी पाऊस दडी मारतो, त्या वर्षी देव आपल्यावर रुसलेला असतो काय? कृपा म्हणजे केवळ सुखाचे दिवस असे मानले, तर क्रुसावर टांगलेल्या प्रभू येशूपेक्षा कृपाहीन कोणी नव्हता असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येईल. तेव्हा कृपा ही सुखाहून खोल अशी काही गोष्ट असली पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की कृपा म्हणजे देवाने मनुष्याला विनामूल्य दिलेले आपले साहाय्य, आणि त्याहीपेक्षा, देवाने मनुष्याला दिलेला आपल्या स्वतःच्या जीवनातील वाटा. देव आपल्याला वस्तू देतोच. पण कृपेच्या रूपाने तो स्वतःला देतो. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तिच्यात कृपेला ‘खारिस’ असा शब्द आहे आणि लॅटिन भाषेत ‘ग्रात्सिया’. ‘विनामूल्य’ या अर्थाचा ‘ग्रातिस’ हा लॅटिन शब्द याच कुळातला आहे. ज्याचे मोल मोजले ती कृपा राहिली नाही, हे त्या शब्दाच्या जन्मातच लिहिलेले आहे.

मजुरी आणि देणगी

संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त शेतकऱ्यांच्या घरी समजावून सांगावा लागत नाही. धनी पहाटे मजूर लावतो, नंतर दिवसभरात पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन आणखी माणसे आणतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता शेवटचे मजूर लावतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर तेवढाच एक दिनार ठेवतो. पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुर करतात. खरे सांगावयाचे तर दृष्टान्त वाचताना आपणही मनातल्या मनात त्यांच्याच बाजूने असतो. उन्हातान्हात दिवसभर पाठ वाकविणाऱ्याला आणि सावल्या लांबल्यावर आलेल्याला सारखेच दाम, हा कोठला न्याय?

धन्याने पहिल्यांची मजुरी बुडविली नाही. ठरलेले दाम त्यांना मिळाले. शेवटच्यांना त्याने जे दिले ती मात्र मजुरी नव्हतीच, ती देणगी होती. प्रभूला जे सांगावयाचे आहे ते येथे आहे. देवापुढे आपण सारेच शेवटच्या तासाला आलेले मजूर आहोत. पहाटेपासून आपण मळ्यात आहोत असे ज्याला वाटते त्याच्या लक्षात एवढेच आलेले नसते की, पहाटे आपल्याला बाजारातून बोलावून आणणाराही तो धनीच होता.

ही गोष्ट ख्रिस्तसभेला एकदा मोठ्या वादातून स्पष्ट करावी लागली. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा ब्रिटनमधून आलेला एक तपस्वी रोममध्ये उपदेश करीत असे. तो दुराचारी नव्हता. उलट लोकांचा आळस पाहून त्याला संताप येई. मनुष्याने मनावर घेतले तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्तीन यांनी त्याला कसून विरोध केला. ऑगस्तीन यांना स्वतःचा अनुभव होता. सत्य काय हे कळूनही त्यांचे पाऊल वर्षानुवर्षे उचलले जात नव्हते. त्यांची आई संत मोनिका हिने अश्रू ढाळून प्रार्थना केल्या आणि अखेरीस ३८७ साली मिलान येथे, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचा स्नानसंस्कार झाला. आपण देवाला शोधून काढले असे ते कधी म्हणाले नाहीत. देवाने आपल्याला शोधले, असेच त्यांनी आयुष्यभर सांगितले.

४१८ साली कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. ५२९ साली ऑरेंज येथील परिषदेने आणखी एक पाऊल टाकून सांगितले की, श्रद्धेचा पहिला अंकुरदेखील देवाच्या कृपेनेच फुटतो. पुढे १५४७ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. आरंभ देव करतो, त्यावर आपला कसलाही हक्क नसतो. मात्र देव आपल्यावर बळजबरी करीत नाही, आपण त्याला होकार देऊ शकतो आणि नकारही देऊ शकतो. या विषयावरून ख्रिस्ती बांधवांमध्ये जी फूट पडली होती, तीही पुष्कळ अंशी सांधली गेली आहे. १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन अशा उभय पक्षांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि आपले तारण देवाच्या कृपेनेच होते, हे एकमुखाने मान्य केले.

पवित्र मरियेच्या बाबतीत हाच क्रम दिसतो. देवदूताने तिला वंदन केले तेव्हा तिने अजून काहीच केलेले नव्हते. होकारसुद्धा दिलेला नव्हता. ‘कृपापूर्ण’ या अर्थाचा जो शब्द संत लूक याने तेथे योजिला आहे, त्याचा भाव ‘जिला कृपा दिली गेली आहे ती’ असा आहे. देणे आधी झाले, तिचा होकार मागून आला. आणि त्या होकारावाचून पुढचे काही घडले नसते.

कृपा दोन प्रकारांनी आपल्याकडे येते, असे धर्मगुरू शिकवितात. एक आपल्या आत्म्यात वस्ती करून त्याला पवित्र करणारी. ती स्नानसंस्कारात प्रथम मिळते, गंभीर पापाने गमावली जाते आणि प्रायश्चित्त संस्कारात पुन्हा लाभते. दुसरी वेळोवेळी मदतीला धावून येणारी. मोहाच्या क्षणी आवरणारा हात, कुमसाराला जाण्याची अचानक झालेली इच्छा, रागाने ओठांवर आलेला शब्द गिळण्याचे बळ, ही तिची रूपे. विहिरीला जिवंत झरा असावा आणि शिवाय वळवाची सरही यावी, तसे हे आहे.

उदयनगरच्या वाटेवर

आता आम्ही वाचकांना आपल्याच देशातील एक हकीकत सांगणार आहोत. इंदूर नगरी आपल्याला परकी नाही. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्या इंदूर धर्मप्रांतात, देवास जिल्ह्यात, उदयनगर नावाचे गाव आहे. १९९२ साली तेथे फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या सिस्टर राणी मरिया सेवेसाठी आल्या. केरळातील पुल्लुवळी गावी एका शेतकरी कुटुंबात १९५४ साली त्यांचा जन्म झाला होता.

उदयनगरच्या परिसरातील गरीब शेतकरी, त्यांतही बहुसंख्य आदिवासी, सावकारी कर्जाच्या फासात अडकलेले होते. सिस्टरांनी त्यांना एकत्र केले, बचत करावयास शिकविले, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना यांची माहिती करून दिली. लोक स्वतःच्या पायांवर उभे राहू लागले आणि त्यामुळे काही वजनदार मंडळींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर बसने इंदूरकडे निघाल्या असता, या मंडळींनी चिथविलेल्या एका तरुणाने वाटेत त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. बस प्रवाशांनी भरलेली होती. त्यांच्या अंगावर ५० हून अधिक जखमा होत्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी येशूचे नाव होते. त्यांचे वय ४१ होते.

तो तरुण पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. तुरुंगात त्याच्या मनात पश्चात्ताप नव्हता, सूड होता. ज्यांनी आपल्याला या कृत्यास प्रवृत्त केले आणि नंतर वाऱ्यावर सोडले, त्यांचा बदला घ्यावयाचा एवढाच ध्यास त्याने घेतला होता. अशा माणसाला भेटावयास स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू जाऊ लागले. एकदा जाऊन ते थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा गेले. कठीण जमिनीत पाणी मुरावे तसे हळूहळू काहीतरी त्याच्या आत मुरू लागले.

सिस्टर राणी मरियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हीदेखील त्याच संघाची धर्मभगिनी. २००२ साली रक्षाबंधनाच्या निमित्ताने ती तुरुंगात गेली आणि ज्या हाताने आपल्या बहिणीला मारले होते त्या हाताला तिने राखी बांधली. भाऊबीज आणि रक्षाबंधन हे सण आपण मराठी माणसे जाणतो. राखी बांधली की भावाबहिणीचे नाते जडते. सिस्टर सेल्मीने मारेकऱ्याला भाऊ केले. त्या दिवशी त्याचा बांध फुटला आणि त्याने क्षमा मागितली.

पुढे सिस्टरांच्या कुटुंबाने आणि धर्मप्रांताने त्याच्या मुक्ततेसाठी शासनाला विनंती केली आणि २००६ साली, अकरा वर्षांच्या कारावासानंतर, तो सुटला. नंतर तो केरळात सिस्टरांच्या वृद्ध मातापित्यांना भेटावयास गेला. आईने त्याचे हात आपल्या हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, हे ती विसरली नव्हती. ते रक्त तिच्या दृष्टीने पवित्र होते.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मरियांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. हजारोंच्या त्या समुदायात तो मनुष्यही बसलेला होता. तेव्हापासून २५ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन ख्रिस्तसभा पाळते.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गातील त्या मुलाकडे वळू. चांगल्या वागण्याचे बक्षीस म्हणजे कृपा, असे असते तर त्या तरुणाच्या वाट्याला काय आले असते? राखी बांधून घेण्याइतके त्याने काय कमावले होते? काहीही नाही. धर्मगुरू आले तेव्हा त्याने पश्चात्ताप केलेला नव्हता. ते येत राहिले म्हणून त्याला पश्चात्ताप करता आला. सूर्य उगवतो म्हणून फूल उमलते, फूल उमलले म्हणून सूर्य उगवत नाही. बाळा, कृपा ही अशी असते.

दोन शंका

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. क्षमा इतकी स्वस्त असेल तर मग अन्यायाला भय कशाचे? आमचे उत्तर असे की, ती स्वस्त नव्हती आणि न्यायही टळला नाही. गुन्हा न्यायालयात शाबीत झाला, शिक्षा झाली, अकरा वर्षे गजांआड गेली. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. ज्याच्यावर अत्याचार होत आहे त्याने मुकाट्याने सहन करीत राहावे, असेही ख्रिस्तसभा कधी सांगत नाही. जिच्या घरात मारहाण होते तिने मदत मागावी, पोलिसांत जावे. त्याने कृपेला बाध येत नाही. कृपा न्यायाच्या पलीकडे जाते, परंतु न्यायाला तुडवून जात नाही.

दुसरी शंका अधिक दुखरी आहे. त्या बसमध्ये त्या सकाळी देवाची कृपा कोठे होती? या प्रश्नापुढे आम्ही नम्रपणे उभे राहतो. देवाने सुरा थांबविला नाही, जसा त्याने आपल्या पुत्राच्या हातापायांत ठोकलेला खिळा थांबविला नाही. मरणाऱ्या सिस्टरांच्या ओठांवर येशूचे नाव टिकून राहिले, बहिणीच्या मनातील दुःखाचे द्वेषात रूपांतर झाले नाही, आईला ते हात धरता आले आणि मारेकरी माणसांत परत आला. एवढे आम्हांला दिसते. यांतील एकही गोष्ट मनुष्याच्या स्वभावातून आपोआप उगवत नाही. आपल्या स्वभावातून काय उगवते, ते आपण आपल्या गावांत रोज पाहतो.

आपल्या घरची कसोटी

गावांत आम्ही काय पाहतो? हातभर रुंदीच्या बांधावरून दोन सख्खे भाऊ बारा बारा वर्षे बोलत नाहीत. बापाच्या दफनविधीत एक कबरीच्या या बाजूला उभा राहतो, दुसरा त्या बाजूला. रविवारी दोघेही मिस्साबलीला येतात, दोघेही पवित्र कम्युनियन घेतात आणि चर्चच्या दारातून वेगवेगळ्या वाटांनी घरी जातात. दोघांचेही म्हणणे एकच असते: “आधी त्याने चूक कबूल करावी, मग मी पाहीन.” आम्ही हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या घराण्यातही अशी एक भिंत होती आणि ती पडण्यापूर्वी तिच्या एका बाजूचा माणूस हे जग सोडून गेला. ते ओझे आम्हांला ठाऊक आहे.

“आधी त्याने” ही मजुरीची भाषा आहे. देव आपल्याशी या भाषेत बोलला असता, तर आपल्यापैकी कोणाचाही स्नानसंस्कार झाला नसता. कृपा मिळालेल्या माणसाला पहिले पाऊल टाकता येते, कारण त्याच्याकडे कोणीतरी आधीच पहिले पाऊल टाकलेले असते. हे पाऊल आपल्या बळाने उचलत नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच ते मागावयाचे असते.

मागण्याचे मार्ग आपल्या हाताशी आहेत. पुष्कळ दिवस टाळलेला कुमसार येत्या शनिवारी करता येईल. ज्याच्याशी बोलणे नाही त्याचे नाव रात्रीच्या जपमाळेत एका दहाच्या आधी घेता येईल. मुलांसमोर घेता आले तर फार बरे. कारण वैर मुले आपल्याकडूनच शिकतात आणि क्षमाही. प्रथम ते नाव घशात अडकेल. अडकू द्यावे. स्वामी सदानंदही तुरुंगात एकदाच गेले नव्हते.

आणि एखाद्या सणाच्या दिवशी, नाताळच्या फराळाचे ताट घेऊन का होईना, कोणीतरी बांध ओलांडून पलीकडे गेले आणि दार उघडले गेले, तर त्या घरात कृपा म्हणजे काय, हे कोणत्याही मुलाला व्याख्येने समजावून सांगावे लागणार नाही. दार उघडले नाही, तरी गेलेले पाऊल वाया जाणार नाही. ते देवाने पाहिलेले असेल.

आज संध्याकाळी जपमाळ हाती घेताना ‘कृपापूर्ण’ हा शब्द थोडा सावकाश म्हणू या. जी माता देणगीने भरून गेली आणि तरीही स्वतःला प्रभूची दासी म्हणत राहिली, तिने आपल्या घरांसाठी, आपल्या वाड्यांसाठी आणि आपल्या अबोल्यांसाठी विनंती करावी, हीच आमची प्रार्थना.